चुन्याची फुली

पहिल्यांदा तो माझ्या गिरणीत आला तेव्हा त्याच्याकडं दळण नव्हतं. अंगात खाकी वर्दी, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि हातात हातभर लांबीची लिंबाची काडी. दळणाला आलेल्या बायका बाजूला सरकल्या. फौजेतला माणूस काडी घेऊन गिरणीत कशाला येईल, हे कुणालाच कळेना.

"गिरनीवाले कोन?"

"मीच. काय पायजे?"

"कायबी नको. तुमचं इंजिन खोकलायलंय. सडकंवरून ऐकू आलं मनून आलो."

मला राग आला. दुबलगुंडीत आठ वर्षं मी आणि थोरला भाऊ ती गिरणी चालवत होतो, आणि इंजिनाची तक्रार आजवर कुणी केली नव्हती. पण हा गडी थेट इंजिनापाशी गेला, काडीचं एक टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, दुसरं दातात धरलं, दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळे मिटून उभा राहिला. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"वाळू गेलीय आत," तो म्हणाला. "ऐका."

मी काडी घ्यायला हात पुढं केला तर त्यानं ती मागं घेतली. "आदी चूळ भरा. तंबाखूच्या तोंडाला इंजिन खरं सांगत न्हाई."

स्वतःच्या गिरणीत, चार बायकांसमोर मी चूळ भरून आलो. काडी दातात धरली, आणि आठ वर्षांत जे कानांना कळलं नव्हतं ते दातांतून टाळूपर्यंत आलं. करकर, करकर, मध्येच थांबून पुन्हा करकर. त्या दिवशी बेअरिंग उघडलं तर चिमूटभर वाळू निघाली. मी त्याला चहा पाजला. पुढच्या महिन्यात मीही त्याच्या पलटणीत नाव घातलं.

ती पलटण म्हणजे आमच्या भाषेत 'आठवडी फौज'. आठवडी बाजार असतो तशी. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि सरकारनं आपापला धंदा सांभाळून फौजेत यायची सोय काढली होती. महिन्यातून दोन रविवार कवायत आणि हिवाळ्यात महिनाभराचा तळ. आमच्या तुकडीकडं बंदुका थोड्या आणि पहारी-फावडी जास्त होती, कारण आमचं काम रस्ते करायचं. सुतार, लोहार, घाण्यावरचा एक तेली, दोन ट्रकवाले आणि मी गिरणीवाला, अशी ही सेना. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "गिरनी हाय, दोन एकर हाय, आता फौजेत कामून जायलाव?" मी म्हणालो, उस्ताद लई चांगला आहे. ती म्हणाली, "मग त्येलाच दळायला बोलवा की."

तो कमठाण्याचा, बसवण्णांना मानणारा. वयानं आमच्यापेक्षा बराच मोठा. मुसलमान गडी त्याला उस्ताद म्हणत, आम्ही अण्णा. मोजायचा कन्नडमध्ये, शिव्या द्यायचा दखनीत, आणि उरलेलं सगळं मराठीत. शाबासकी मात्र त्याच्याकडं कुठल्याच भाषेत नव्हती. काम चांगलं झालं की तो गप्प राहायचा, आणि तो गप्प राहावा म्हणून आम्ही जिवाचं रान करायचो.

तुकडीत एकच मोठं यंत्र होतं, महायुद्धातून उरलेला एक बुलडोजर. त्याचा रंग उडालेला, पट्ट्यांच्या कड्या झिजलेल्या. अण्णा त्याला अक्का म्हणायचा. सकाळी तळावर आला की आधी अक्काच्या पत्र्यावर थाप मारून "उठली का?" असं विचारायचा, आणि मग कप्तानसाहेबांना सलाम. नट, बोल्ट, वायसर तो पानाच्या चंचीत ठेवायचा, सुपारीच्या शेजारच्या कप्प्यात. एकदा कप्तानसाहेबांनी मोठ्या आपुलकीनं सुपारी मागितली आणि ह्यानं बोलण्याच्या नादात वायसर काढून दिला. साहेबांनी तो चावला. त्यानंतर त्या साहेबांनी आमच्यातल्या कुणाकडंच कधी काही मागितलं नाही.

यंत्राबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं. अण्णाला उर्दू थोडं वाचता यायचं, इंग्रजी अजिबात नाही. त्यानं ते पुस्तक एकदाच उघडलं, सगळी चित्रं नीट पाहिली आणि मिटून माझ्या हातात दिलं.

"का हो अण्णा?"

"ह्यातली अक्का आजारीच न्हाई. आपल्याला काय उपेग?"

त्याचं एक वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं. काहीही मोडलं की आम्ही हातपाय गाळायचो, आणि तो म्हणायचा, "पुर्जा तुटला मनून रडायचं न्हाई. पुर्जा करत काय हुता, ते इचारायचं." कवायतीच्या मैदानावर त्याचा डावा-उजवा पाय चुकायचा, सलामाचा हात टोपीऐवजी कानाला लागायचा, पण ह्या एका वाक्यासाठी मी त्याला शंभर सलाम केले असते.

वर्दी नसलेल्या दिवशी मी त्याला एकदाच पाहिलं. कामासाठी बिदरला गेलो होतो. सडकेवर रोलर चालला होता आणि त्याच्या मागून एक माणूस डोक्याला फडकं बांधून चाकावर पाणी मारत चालला होता. तो अण्णा. जुन्या राज्यात तो मोठ्या यंत्रांचा मिस्त्री होता, पण त्या गडबडीच्या काळात त्याचे कागद गेले. नव्या कचेरीत सर्टिफिकेट मागितलं, ते नव्हतं, म्हणून त्याच्या हातात बादली आली. रोलर चालवणारं पोरगं पान्हा उलटा धरत होतं आणि अण्णा मागून पाणी मारत होता. मला पाहून तो लाजला नाही. म्हणाला, "रविवारी लवकर ये. अक्काचं तेल बदलायचंय."

तिसऱ्या हिवाळ्यात तळ पडला तो आमच्याच गावच्या ओढ्यावर. ओढ्याच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला निम्म्या गावाची रानं. गावाकडचा उतार अक्कानं आदल्या वर्षी कापला होता. रानाकडचा काठ अजून तसाच उभा होता. गाड्या तिथं चढत नसत, तीन कोसांचा वळसा घेऊन जात. बायामाणसं डोक्यावर ओझं घेऊन हातापायांनी चढत. हा काठ कापायला म्हणून अक्का रानाकडं येऊन उभी राहिली, आणि तिथंच बंद पडली.

दुखणं असं होतं. अक्काच्या मोठ्या इंजिनाला चालू करायला शेजारीच एक छोटं पेट्रोल इंजिन होतं. आधी धाकटं चालू करायचं, मग त्यानं थोरलीला फिरवून जागं करायचं. ते धाकटं इंजिन आतून फुटलं. थोरलीला काही झालेलं नव्हतं, पण तिला उठवणारंच कुणी राहिलं नव्हतं. नव्या भागासाठी कागद गेले, कागदांची उत्तरं आली, भाग आला नाही.

मग वरच्या कचेरीतून एक तपासनीस आला. चकचकीत बूट, काखेत वही. त्यानं यंत्र चालू करायला सांगितलं, ते झालं नाही. त्यानं गड्याकडून चुना मागवला आणि अक्काच्या पुढच्या पात्यावर हातभर मोठी पांढरी फुली मारली, वहीत यंत्राच्या नावापुढंही एक. कंडम. म्हणाला, मोठे साहेब अमावस्येला दुपारी येतील. त्यांच्यासमोर चाललं तर ठीक, नाहीतर भंगारात. मग वहीत बघून अण्णाला विचारलं, "सर्टिफिकेट?"

"न्हाई साब."

"यंत्र कंडम झालं तर मिस्त्री कशाला ठेवायचा?" असं म्हणून त्यानं अण्णाच्या नावापुढंही एक छोटी फुली मारली.

त्या संध्याकाळी अण्णा अक्काच्या पट्ट्याला टेकून बसला होता. मी शेजारी बसलो. त्याचं आजचं गप्प राहणं नेहमीचं नव्हतं.

"ह्या वर्दीत लोक मला इचारत्यात रे," तो म्हणाला. "अण्णा, हे काय झालं, ते कसं करायचं. वर्दी गेली की मी नुसता पानी मारनारा." मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात त्यानं मान वळवून विचारलं, "तुज्या गिरनीचं इंजिन किती घोड्यांचं?"

"दहा."

"अक्काचं धाकटं बी धाच घोड्यांचं हुतं."

त्याचा रोख माझ्या लक्षात आला. अक्काच्या मागच्या बाजूला एक पट्ट्याचं चाक होतं, तिच्या जोरावर खडी फोडायचं यंत्र फिरवता यावं म्हणून दिलेलं. अण्णा त्या चाकाकडं बोट दाखवून म्हणाला, "ज्या दारानं जोर भायेर जातो, त्या दारानं आत बी येतोच की."

"अण्णा, ते इंजिन दादाचं बी हाय. तो माझी चामडी सोलंल."

"येळवशीला गिरनी बंदच असते न्हवं?"

ती बंदच असायची. अमावस्येला येळवस, आमच्या भागातला सगळ्यात मोठा सण. त्या दिवशी गावात माणूस राहत नाही. सगळे रानात जातात, कडब्याच्या कोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडून त्यांना चुना लावून पुजतात, काळ्या आईला भज्जी-आंबिलीचा निवद दाखवतात आणि येईल त्याला जेवू घालतात. औत नाही, जातं नाही, गिरणी नाही. दळणं आदल्या दिवशीच संपलेली असतात. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी हो म्हणालो. का म्हणालो, ते आजही नीट सांगता येत नाही. त्या चुळीपासून माझ्या तोंडाला त्याचं खरं ऐकायची सवय लागली होती, एवढंच.

आदल्या दिवशी दळण संपल्यावर आम्ही सहा जणांनी इंजिन पायावरून उचकटलं, ओंडक्याच्या चौकटीवर बांधलं आणि चार बैलांच्या गाडीनं तीन कोसांचा वळसा घेऊन ओढ्यावर आणलं. दादाला सांगितलं नाही. तो रानात कोप बांधत होता.

येळवशीच्या सकाळी चौकटीला खुंट्या ठोकल्या, पट्टा चढवला. अण्णा अक्कावर चढला, काडी दातात धरून वाकला. मी इंजिन चालू केलं. आता इथं माझा एक मूर्खपणा सांगितला पाहिजे. गिरणीच्या धुराड्यावर मी डब्याचं एक झाकण बसवलं होतं, त्यातून 'पुक पुक पुक' असा आवाज निघायचा आणि पार पलीकडच्या वाडीपर्यंत कळायचं की गिरणी चालू आहे. ते झाकण मी काढलंच नाही. पट्टा फिरला न फिरला तोच अण्णा ओरडला, "बंद कर! उलटं फिरवायलास की रे तिला! पट्ट्याला आढी घाल, आढी!"

इतकी वर्षं मी पट्टा सरळच चढवत आलो होतो. हाताला सवय तीच. शरमेनं मान खाली घालून पट्ट्याला पीळ दिला आणि पुन्हा चालू केलं. ह्या वेळी अक्का सुलट हलली, पण काळी माती भुसभुशीत, खुंट्या कलल्या, चौकट पुढं घसरली आणि पट्टा निसटून पडला. पुन्हा खुंट्या ठोकल्या, पुन्हा घसरली. सूर्य वर यायला लागला होता.

आणि तेवढ्यात रानारानातून माणसं यायला लागली. पुढं दादा, धोतर खोचलेलं, हातात बैलं हाकायची काठी. येळवशीला गिरणीचा आवाज! सण मोडला कुणी म्हणून सगळं रान उठून आलं होतं. मागं गावाकडून काठ चढून आलेल्या बायका, डोक्यावर आंबिलीच्या मातीच्या बिंदग्या तशाच.

"गिरनी वड्यात आनलास? येळवशीला?" दादानं काठी जमिनीवर आपटली. "लाज कशी वाटना तुला?"

अण्णा खाली उतरला आणि दादासमोर हात जोडून उभा राहिला.

"दादा, भांडायला उद्याचा दिवस हाय. आदी त्या ओंडक्यावर बसा."

"कामून?"

"वजन पायजे. चौकट घसरायलीय. दुपारी साब येनार. अक्का बोलली न्हाई तर तिला बी नेत्यात आन मला बी हाकलत्यात. मंग ह्यो काठ असाच. पुढल्या येळवशीला बी वैनी डोक्यावर बिंदगी घिऊन हातापायांनी चढतील. तुमीच सांगा."

दादानं मागं पाहिलं. वहिनी नुकतीच काठ चढून आली होती; लुगडं गुडघ्याला मातीनं भरलेलं, आणि एक हात अजून बिंदगीला. दादानं काठी माझ्या अंगावर फेकली आणि जाऊन ओंडक्यावर बसला. त्याच्या मागं चौदा गडी बसले. दुबलगुंडीत वजनदार माणसांना तोटा नव्हता.

ह्या गडबडीत आमचं कुणाचं लक्ष नव्हतं ते वहिनीवर. तिला पात्यावरचा चुना दिसला. रानात, येळवशीच्या दिवशी, चुना लावलेलं जे काही असेल ते पांडवच, दुसरं काय असणार? तिनं बिंदगी उतरवली, फुलीवर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, बाजरीच्या उंड्याचा निवद ठेवला आणि आंबील शिंपडली. तिच्या मागं दुसरी, तिसरी, अशी रांगच लागली. अण्णा वर चढत होता. त्यानं ते पाहिलं, सांगायला तोंड उघडलं, दातातली काडी खाली पडली. मग त्यानं तोंड मिटलं, काडी उचलून पुसली आणि मला म्हणाला, "चालू कर."

पुक पुक पुक. पट्टा ताणला. चौकट पंधरा माणसांखाली गप्प बसली. मोठ्या इंजिनाचा दम मोकळा ठेवायचा एक दांडा होता, तो धरून अण्णा कन्नडमध्ये मोजायला लागला. "ओंदु... येरडु..." अक्का आतून गरगरत होती, पण मुकी. "मूरु!" त्यानं दांडा सोडला. माझं इंजिन गुदमरलं, पुक थांबून थांबून यायला लागलं, मला वाटलं संपलं. आणि मग अक्काच्या धुराड्यातून काळ्या धुराचा लोट निघाला, एकदा गडगडली, थांबली, पुन्हा गडगडली, आणि पायाखालची जमीन हलायला लागली. मी बांबूनं पट्टा उडवून लावला. ओंडक्यावरचे पंधराही जण एकदम उठले आणि येळवशीला रानात देतात ती आरोळी त्यांनी दिली, "ओलगे! ओलगे!" दादा सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरामुळं नव्हतं.

दोन तास अण्णा खाली उतरला नाही. हळदीकुंकवानं माखलेलं पातं काठात घुसत होतं आणि माती लोण्यासारखी निघत होती. शेवटचा ढिगारा सारून झाला तेव्हा पलीकडं गावाच्या अंगाला मोठ्या साहेबांची जीप दिसली. ती गावाकडचा उतार उतरली, ओढ्यात आली आणि न थांबता सरळ आमच्याकडं चढून आली.

साहेब उतरले, त्यांच्या मागून तपासनीस. पहिला प्रश्न तपासनीसाला, "तुम तो बोले थे गाड़ी इधर चढ़ती नहीं?"

तपासनीस घाईनं म्हणाला, "साब, कंडम का निशान है इस पर," आणि पात्यावर फुली शोधायला लागला. तिथं लाल-पिवळा लेप, दोन उंडे आणि झेंडूचं एक फूल. हात लावायला गेला तर वहिनी म्हणाली, "बूट काडा आदी."

साहेब हसले, पण मोठे पक्के होते. म्हणाले, बंद करून पुन्हा चालू करून दाखवा. अण्णानं अक्काला बंद केलं. तेवढ्यात दादा धावला. "चला रे, बसा!" आणि स्वतः ओंडक्याच्या टोकावर जाऊन बसला. ह्या वेळी पट्ट्याची आढी मी न सांगता घातली. "मूरु"ला अक्का एका झटक्यात उठली.

साहेबांनी त्या काडीकडं बोट दाखवून विचारलं, ती कशाला. अण्णानं सांगितलं. साहेबांनी हात पुढं केला. त्यांच्या तोंडात पान होतं. मी मनात म्हणालो, अण्णा, आज राहू द्या, आज तरी राहू द्या.

"साब," अण्णा म्हणाला, "पैले कुल्ली करो."

तपासनीसाचा चेहरा पांढरा पडला. साहेबांनी क्षणभर अण्णाकडं पाहिलं, मग वहिनीच्या हातून तांब्या घेतला, बाजूला जाऊन चूळ भरली आणि टोपी काढून अक्कापाशी वाकले. काडी दातात, बोटं कानांत, डोळे मिटलेले. किती वेळ कोण जाणे. उठले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर जे आलं असेल तेच होतं.

त्यांनी वही मागितली. पानावरच्या दोन्ही फुल्या खोडल्या आणि इंग्रजीत काहीतरी लिहून खाली सही केली. मग सगळ्यांबरोबर मांडी घालून भज्जी-आंबील जेवायला बसले.

अण्णानं मला बाजूला ओढलं. वर्दीवर आंबिलीचे डाग, मिशीला काजळी. "तू इंग्रजी शिकलायस न्हवं? काय लिवलंय?"

मी मॅट्रिक नापास, पण तेवढं येत होतं. वाचलं. "यंत्र चालू. मिस्त्री चालू."

"आदी कुनाचं लिवलंय?"

"यंत्राचं."

"मग बराबर हाय," अण्णा म्हणाला आणि गप्प बसला. तो आता काही बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. खाली उतारावरून गावातली पहिली बैलगाडी वर चढत होती.